तटबंदी आणि वेढे: मराठ्यांच्या किल्ल्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किल्ल्यांच्या बांधकामाविषयी आणि वेढ्यांविषयी वाचकांकडून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येत असतात. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता यावे अशी त्याची मांडणी आहे आणि जेथे एकाच मुद्द्याचा संबंध दोन प्रश्नांशी येतो तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तट, बुरूज, फांजी, चर्या, जंग्या यांपैकी नेमके कशाला काय म्हणतात?

किल्ल्याला वेढणारी भिंत म्हणजे तट आणि त्या भिंतीतून पुढे आलेला, बहुधा गोल, भरीव भाग म्हणजे बुरूज. तटाच्या माथ्यावरून पहारेकरी फिरतात ती रुंद वाट म्हणजे फांजी. फांजीच्या बाहेरच्या अंगाला आडोशाची एक भिंत असते. तिच्या माथ्यावरचे कमानदार किंवा टोकदार दगड म्हणजे चर्या आणि तिच्या अंगात बंदुका व बाण चालवण्यासाठी ठेवलेली छिद्रे म्हणजे जंग्या. जंगीत डोळा लावून पाहिले, तर तिचा उपयोग पटकन ध्यानात येतो. छिद्र आतून रुंद आणि बाहेर निमुळते असते, शिवाय बऱ्याच ठिकाणी ते खाली उतरते केलेले असते. त्यामुळे आतल्या माणसाला तटाच्या पायथ्याकडची वाट दिसते आणि बाहेरच्याला मात्र दगडातली एक काळी फट तेवढी दिसते. काही जंग्यांना आतून एकच तोंड असते, पण बाहेर तीन दिशांना तीन तोंडे फुटतात.

२. अनेक डोंगरी किल्ल्यांना सगळीकडून तट नाही. बांधकाम अर्धवट राहिले म्हणून का?

नाही. सह्याद्रीत ताशीव कडा हाच तट असतो आणि जेथे कडा तुटला आहे, उतार सौम्य आहे किंवा घळ वर चढून येते, तेवढ्याच जागी भिंत घातलेली असते. रायगडाच्या टकमक टोकावर तट बांधणे म्हणजे पैशाचा अपव्यय ठरला असता. सपाट जमिनीवरच्या किल्ल्याला, म्हणजे भुईकोटाला, ही सोय नसते, म्हणून परांडा, औसा, अहमदनगर, सोलापूर अशा किल्ल्यांना पूर्ण परिघाचा तट आणि त्याबाहेर खंदक असतो. देवगिरीचे उदाहरण या दोहोंच्या मधले आहे. तेथे मुळातल्या डोंगराचाच खालचा भाग तासून उभा कडा केला आहे आणि त्याच्या पायथ्याशी खडकात खंदक खोदला आहे. दगड रचून तट उभारण्याऐवजी दगड काढून तट निर्माण करण्याचा असा प्रकार इतक्या मोठ्या प्रमाणावर महाराष्ट्रात अन्यत्र पाहायला मिळत नाही.

३. एवढा दगड वर नेला कसा आणि चुन्यात काय मिसळत असत?

बहुतेक दगड वर नेलाच नाही, तो गडावरच काढला. जेथून दगड निघाला तेथे खड्डा पडला, तोच पुढे पाण्याचे टाके झाला आणि निघालेला दगड तटाला लागला. एकाच खर्चात दोन कामे झाली. गडावर फिरताना टाक्यांच्या भिंतींवर छिन्नीचे तिरपे घाव दिसतात ते त्याचेच.

सांध्यांचे दोन प्रकार आढळतात. काही तट चुन्याशिवाय, दगडावर दगड घट्ट बसवून रचलेले असतात आणि बाकीचे चुन्यात बांधलेले असतात. चुना भाजून, भिजवून, वाळूबरोबर गोल चरात दगडी चाकाने मळत असत. बैल फिरवून चालवायची ही घाणी काही ठिकाणी अजून शाबूत आहे. चुन्याला चिकटपणा यावा म्हणून गूळ, बेलफळ, हिरडा, उडीद असे पदार्थ त्यात घालण्याची पद्धत होती, मात्र प्रत्येक गडावर हे सगळे घातले होते असे धरून चालू नये.

चुन्याचा कस पाहायचा असेल, तर मुरूडजवळचा पद्मदुर्ग पाहावा. साडेतीनशे वर्षे लाटांचा आणि खाऱ्या वाऱ्याचा मारा खाऊन तेथील तटाचे दगड कित्येक बोटे आत झिजले आहेत आणि दोन दगडांमधला चुना मात्र मोहोळाच्या घरांच्या भिंतींसारखा बाहेर उभा आहे. सिंधुदुर्गाच्या पायात शिसे ओतल्याचे सांगितले जाते ते याच समुद्राच्या धास्तीने. मालवणच्या कुरटे बेटावर नोव्हेंबर १६६४ मध्ये सुरू झालेले ते काम सुमारे तीन वर्षे चालले.

४. आपल्याकडचे बुरूज गोल आणि पोर्तुगीजांचे कोनदार, असे का?

गोल बुरुजाला फुटायला कोपरा नसतो आणि त्यावर तिरपा आदळलेला गोळा घसरून जातो. पण त्यात एक उणीव आहे. बुरुजाच्या पोटाशी, अगदी समोर, एक जागा अशी राहते की जी शेजारच्या बुरुजावरून दिसत नाही. तेथे शत्रू पोचला की त्याला कुदळ चालवायला उसंत मिळते. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून इटलीत यावर तोड म्हणून बाणाच्या फाळासारखे कोनदार बुरूज बांधू लागले. त्यांची प्रत्येक बाजू शेजारच्या बुरुजाच्या तोफेच्या सरळ रेषेत येते, त्यामुळे आंधळी जागा उरत नाही. पोर्तुगीजांनी हीच रचना वसईला आणि गोव्यात आणली. डोंगरी किल्ल्यांना तिची फारशी गरज नव्हती, कारण कड्याखालून कुदळ चालवणारा माणूस तेथे मुळात उभाच राहू शकत नव्हता.

५. किल्ल्याचा दरवाजा समोरून दिसत का नाही?

तो दिसू नये म्हणूनच तशी रचना केलेली असते. दोन बुरूज एकमेकांवर वळवून घ्यायचे आणि त्यांच्या कुशीत दरवाजा ठेवायचा, या रचनेला गोमुखी म्हणतात. रायगडाचा महादरवाजा हे तिचे ठळक उदाहरण आहे. सुमारे ७५ आणि ६५ फूट उंचीच्या दोन बुरुजांच्या आड तो असा बसवला आहे की शेवटच्या वळणावर येईपर्यंत तो नजरेस पडत नाही. सिंधुदुर्गाचे प्रवेशद्वारही असेच दोन बुरुजांमध्ये लपलेले आहे.

लपवणे हा त्यातला निम्मा भाग. दरवाजासमोर काटकोनी वळण आणि चिंचोळी जागा ठेवली की हत्तीला धाव घेता येत नाही, ओंडका जोराने आदळता येत नाही, तोफ सरळ रोखता येत नाही आणि हे सगळे करू पाहणाऱ्यांच्या डोक्यावर तिन्ही बाजूंनी दगड पडतात. वळणाचा दरवाजा ही शिवकालाची नवी कल्पना नव्हे. देवगिरीला ती आधीपासून दिसते. शिवकालात ती डोंगराच्या चढाशी फार हुशारीने जुळवली गेली, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

६. चोरदिंडी, म्हणजे तटातला लपवलेला लहान दरवाजा, शत्रूला सापडली तर तीच घातक ठरणार नाही का?

ठरू शकते आणि ही शंका त्या काळच्या लोकांनाही होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे राज्यकारभाराविषयीच्या ग्रंथात, यावर स्पष्ट सूचना आहे. किल्ल्याला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष मानून, गड पाहून दोन-तीन दरवाजे आणि तशाच चोरदिंड्या कराव्यात, पण नेहमीच्या राबत्याला लागतील तेवढ्याच उघड्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात, असा त्याचा आशय आहे. म्हणजे दिंडी असते, पण गरज पडेपर्यंत ती भिंतच असते. शिवाय दिंडीतून एका वेळी एकच माणूस, तोही वाकून, जाऊ शकतो. ती रात्री निसटण्यासाठी किंवा निरोप्या पाठवण्यासाठी असते. फौजेला आत घ्यायला तिचा उपयोग नाही.

७. राजगडाच्या संजीवनी माचीला दोन-दोन तट कशाला?

बाहेरचा तट पडला तरी आतला शाबूत राहावा म्हणून. (माची म्हणजे गडाच्या माथ्याखालची लांब सपाट सोंड.) बुरुजाभोवती थोडे अंतर सोडून दुसरी भिंत घातली की त्याला चिलखती बुरूज म्हणतात. संजीवनी माचीवर ही रचना टप्प्याटप्प्याने उतरत गेलेली दिसते. दोन भिंतींमधली फट अरुंद आणि खोल आहे. बाहेरची भिंत चढून आत उडी टाकणारा तेथे अडकतो आणि वरून त्याच्यावर मारा होतो.

भिंती वाढवल्या म्हणजे किल्ला तेवढ्या पट बळकट झाला, असा हिशेब मात्र करू नये. विजयदुर्गाला तिहेरी तट आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींनी तो घेतला तो तिन्ही तट फोडून नव्हे. तोफमाऱ्यात आंग्र्यांचे आरमार बंदरातच पेटले, क्लाइव्हची तुकडी जमिनीकडून उतरली आणि किल्ला एकाकी पडला.

८. गडावर आधी काय पाहात: वाट, दगड की पाणी?

पाणी. आज्ञापत्रात आधी उदक पाहून मगच किल्ला बांधावा, अशी आज्ञा आहे. एका झऱ्यावर विसंबून न राहता, वापराच्या पाण्याखेरीज राखीव टाकी बांधावीत आणि त्यांतले पाणी एरवी खर्चू नये, असेही त्यात बजावले आहे. त्याचे कारणही दिले आहे: लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात. तोफांच्या दणक्याने कातळातल्या भेगा सरकून झरा खरोखर कमी होतो की वेढ्यात माणसे वाढल्याने पाणी अपुरे पडते, यावर वाद घालता येईल, पण राखीव साठ्याचा सल्ला दोन्ही परिस्थितींत खराच आहे.

९. वेढ्यात किल्ला पडायचा तो नेमका कसा? तट फोडूनच ना?

क्वचित. हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्यातला गैरसमजही सर्वांत मोठा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहे.

तटाचे काम शत्रूला कायमचे बाहेर ठेवणे हे नव्हते. त्याला इतके दिवस बाहेर ठेवायचे की मधल्या काळात दुसरे काहीतरी घडावे. बाहेरची फौज येऊन वेढा मोडावा, पावसाळा लागून छावणी कुजावी, शत्रूचा पैसा संपावा किंवा त्याच्या सरदारांत फाटाफूट व्हावी. म्हणून एखादा किल्ला पडला की नाही यापेक्षा तो पडायला किती महिने लागले आणि त्या महिन्यांत बाहेर काय झाले, हे पाहिले पाहिजे.

जिंजीचा वेढा १६९० पासून १६९८ पर्यंत रेंगाळला. किल्ला अखेर मोगल सरदार झुल्फिकारखानाने घेतला, पण तोवर राजाराम महाराज निसटले होते आणि मोगलांची मोठी फौज आठ वर्षे दक्षिणेत गुंतून पडली होती. त्याच काळात महाराष्ट्रात संताजी आणि धनाजी मोकळे फिरत होते. पडलेल्या किल्ल्याने आपले काम केले नाही, असे येथे कोण म्हणेल? १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा पावसाळ्यानेही तो उठला नाही, राजापूरच्या इंग्रजांनी तोफा आणून त्याला मदतही केली, तरी शिवाजी महाराज जुलैमध्ये वेढ्यातून निसटलेच. गड नंतर गेला, पण जे जपायचे होते ते जपले गेले.

उपासमार, पाण्याची टंचाई, फितुरी आणि वाटाघाट या चार वाटांनी सर्वाधिक किल्ले गेले. औरंगजेबाने १७०० नंतर घेतलेले कित्येक गड किल्लेदाराला रक्कम देऊन घेतले. १७०२ मध्ये विशाळगड असाच पैसे मोजून ताब्यात आला आणि परतीच्या वाटेवर पावसाने मोगल फौजेचे अतोनात हाल केले. मराठ्यांच्या बाजूने पाहिले तर हा व्यवहार लाजिरवाणा नव्हता: पावसाळ्यापर्यंत लढायचे, मग किंमत घेऊन गड द्यायचा आणि फौज पांगली की तो परत घ्यायचा. सुरुंगांविषयी प्रश्न १० आणि तोफांविषयी प्रश्न ११ पाहा.

१०. मग सुरुंगाने बुरूज उडवल्यावर तरी किल्ला हमखास मिळत असेल?

तेही नाही. भुईकोटाला सुरुंगाची भीती खरी होती. १६६० मध्ये शाइस्ताखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला भर पावसाळ्यात वेढले. फिरंगोजी नरसाळ्यांनी जवळपास दोन महिने किल्ला लढवला आणि ऑगस्टमध्ये बुरूज सुरुंगाने उडाल्यावरच तो हातचा गेला. उलट अहमदनगरला १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांच्या सुरुंगाने तटाला मोठे खिंडार पडले, पण चांदबिबीने रातोरात ते बुजवून घेतले आणि अखेर प्रकरण तहावर मिटले.

साताऱ्याची हकीकत सर्वांत बोलकी आहे. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी गडाच्या तटाखाली दोन सुरुंग उडवले. पहिल्याने आतली माणसे गाडली गेली. किल्लेदार प्रयागजी प्रभूही ढिगाऱ्याखाली सापडले, पण जिवंत निघाले. दुसऱ्या सुरुंगाने मात्र तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि हल्ल्यासाठी खाली दाटीवाटीने उभ्या असलेल्या मोगल फौजेवरच पडला. सुमारे दोन हजार माणसे त्यात गेली. थोड्याच दिवसांनी गड मोगलांना मिळाला, पण तो वाटाघाटीने. मार्चमध्ये राजाराम महाराजांचे निधन झाल्याची वार्ता तोवर पसरली होती.

११. तोफा आल्यावर तटबंदी कालबाह्य झाली, असे म्हणतात. ते खरे आहे का?

जुन्या धाटणीची उंच, पातळ तटबंदी कालबाह्य झाली. तटबंदीची कल्पना मात्र टिकली. या संदर्भात नेहमी १४५३ च्या कॉन्स्टँटिनोपलचा दाखला देतात. पाचव्या शतकात उभारलेल्या त्या भिंतींनी हजार वर्षे शहर राखले आणि उस्मानी तोफांनी ५३ दिवसांत त्यांचा निकाल लावला. पण त्या दाखल्यातही, दिवसा पडलेली खिंडारे बचाव करणारे रात्री लाकूड-मातीने बुजवत होते आणि शेवटी माणसेच कमी पडली, हे विसरले जाते.

युरोपात पुढे भिंती बुटक्या, जाड आणि मागे मातीचा भराव असलेल्या झाल्या. आपल्याकडे अशा किल्ल्याशी मराठ्यांची खरी गाठ वसईला पडली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तिला मोर्चे लावले, चर खोदत तटापर्यंत नेले आणि सेबस्तियन बुरुजाखाली सुरुंग उडवून खिंडार पाडले. तेथून चढताना मराठ्यांची फार माणसे पडली. मे महिन्यात पोर्तुगीजांनी किल्ला सोडला. गनिमी काव्यासाठी प्रसिद्ध असलेल्या सैन्याने पद्धतशीर वेढ्याचे काम किती चिकाटीने केले, याची वसईएवढी चांगली साक्ष दुसरी नाही आणि माझ्या मते तिची दखल पुरेशी घेतली जात नाही.

डोंगरी गडांचे गणित वेगळे होते. खालून डागलेला गोळा पाचशे मीटर वर पोचतच नव्हता. तोफ वर चढवायला शेजारची उंच जागा लागत असे. त्यासाठी पुढचा प्रश्न पाहा.

१२. शेजारची टेकडी धोक्याची, हे त्या काळी कळत नव्हते का?

चांगले कळत होते. गडाजवळ दुसरा डोंगर असू नये, असल्यास तो सुरुंगाने फोडावा किंवा तटबंदी घालून आपल्या आटोक्यात आणावा, असे आज्ञापत्र सांगते. पुरंदराच्या बाबतीत वज्रगड बांधून हेच केले होते. पण १६६५ मध्ये दिलेरखानाने आधी वज्रगडच घेतला, त्यावर तोफा चढवल्या आणि पुरंदराची माची उघडी पडली. मुरारबाजी देशपांडे त्या लढाईत कामी आले आणि जूनमधील तहात तेवीस किल्ले द्यावे लागले. रायगडाच्या बाबतीत १८१८ मध्ये तेच झाले. पोटल्याच्या डोंगरावरून आलेल्या गोळ्यांनी गडावर आग लागली आणि १० मे रोजी गड इंग्रजांच्या हाती गेला. दोष ठाऊक असणे आणि अख्खा डोंगर हटवणे यांत अंतर आहे.

१३. जंजिरा शेवटपर्यंत का पडला नाही?

तो चहूबाजूंनी पाण्यात आहे, आत गोड्या पाण्याचे मोठे तलाव आहेत आणि जंजिऱ्याचा सत्ताधारी सिद्दी याचे आरमार असेपर्यंत त्याची रसद तोडता येत नव्हती. मराठ्यांनी प्रयत्न अनेक केले: शेजारी पद्मदुर्ग बांधला, तटाला शिड्या लावण्याचा बेत केला आणि १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी खाडीत दगड टाकून सेतू बांधायला घेतला. तो पुरा होण्याआधीच मोगल फौज कोकणात उतरल्याने त्यांना माघारी फिरावे लागले. येथे तटाइतकेच श्रेय सिद्दीला ऐन वेळी मिळत गेलेल्या मोगली मदतीचे आहे.

१४. रामशेजवरच्या लाकडी तोफा आणि सिंहगडावरची घोरपड, या दोन्ही दंतकथाच ना?

पहिली नाही. रामशेजच्या किल्लेदाराकडे लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून त्याने लाकूड पोखरून, त्यावर कातडे चढवून तोफा केल्या, हे मोगलांच्या बाजूने लिहिणाऱ्या खाफीखानानेच नोंदवले आहे आणि शत्रूचे कौतुक करायला त्याला कारण नव्हते. घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची कथा पोवाड्याने लोकप्रिय केली. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांची माणसे कडा चढून गेली, हे खरे. त्यासाठी कसलेले कातळचढे मावळे आणि दोर पुरेसे होते.

१५. १८१८ मध्ये इतके बळकट किल्ले काही आठवड्यांत कसे गेले?

प्रश्न ९ मधले सूत्र येथे उलटे लावून पाहावे. तट वेळ मिळवून देतो, पण त्या वेळात काही करणारी फौजच बाहेर उरली नसेल, तर मिळालेल्या वेळाचे करायचे काय? दुसरे बाजीराव पळतीवर होते आणि वेढा मोडायला कोणी येणार नव्हते. लोहगड आणि विसापूर मार्चमध्ये न लढता गेले, एप्रिलमध्ये त्र्यंबकगड पडला आणि मग नाशिककडच्या अनेक किल्लेदारांनी दारे उघडली. जेथे लढणारे अडून बसले तेथे चित्र वेगळे दिसले. मालेगावच्या भुईकोटाने अरब शिबंदीच्या जोरावर सुमारे महिनाभर इंग्रजांना झुंजवले.

१६. गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे इंग्रजांनीच तोडले का?

अनेक ठिकाणी, होय. १८१८ नंतर किल्ले पुन्हा बंडाचे आश्रयस्थान होऊ नयेत म्हणून वाटा सुरुंगाने उडवल्या गेल्या. विसापूरचे दरवाजे त्यातच गेले. पन्हाळ्याचा चार दरवाजा १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर पाडला गेला. परंतु प्रत्येक ढासळलेल्या भिंतीचे खापर इंग्रजांवर फोडू नये. सांध्यात रुजलेला पिंपळ, दर पावसाळ्यात तटामागे तुंबणारे पाणी आणि घरे बांधायला गावोगाव गेलेले घडीव दगड यांनीही तेवढेच नुकसान केले आहे.

१७. आमचा गट गडावर श्रमदान करतो. पडलेला तट आम्ही पुन्हा रचू शकतो का?

परवानगीशिवाय नाही. केंद्राच्या संरक्षणाखालील किल्ल्यांना १९५८ चा कायदा आणि राज्य संरक्षित किल्ल्यांना महाराष्ट्राचा १९६० चा कायदा लागू होतो. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, साल्हेर, जिंजी यांसह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेल्यापासून तेथील कोणत्याही बदलाकडे अधिकच बारकाईने पाहिले जाते. पडलेले चिरे हलवण्याआधी ते कोठे पडले आहेत याची छायाचित्रे आणि मापे घेऊन पुरातत्त्व विभागाला कळवणे, गवत कापणे, झाडाचे रोप सांध्यात मूळ धरण्याआधी विभागाच्या सल्ल्याने काढणे आणि टाक्यांतला गाळ त्यांच्या देखरेखीखाली उपसणे, एवढी कामे गटाला करता येतात. सिमेंट मात्र कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. ते चुन्यापेक्षा ताठर असते, आतल्या ओलाव्याला बाहेर पडू देत नाही आणि मग सांधा टिकतो पण शेजारचा दगड फुटतो. तटाच्या पायथ्याशी पाणी जाण्याची जुनी मोरी बुजली असेल, तर विभागाची परवानगी काढून पावसाळ्याआधी ती आधी मोकळी करावी.